परड्यातली कीड: पावसाळ्यात हाताने, हिवाळ्यात अर्काने

घाटावरची नैसर्गिक कीडनाशकाची कृती कोकणात जशीच्या तशी वापरली की बहुतेकांचा हिरमोड होतो. कृतीत खोट नसते, आभाळ वेगळं असतं. निंबोळी अर्क पानावर दोन-तीन दिवस राहिला तर त्याचा गुण येतो. आपल्याकडे जूनपासून गणपती होईपर्यंत पान धड वाळतच नाही. किनारपट्टीवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. सकाळी फवारलं आणि दुपारी एक जोराची सर आली की सगळी मेहनत जांभ्याच्या मातीत.

म्हणून परड्यातल्या, म्हणजे परसबागेतल्या किडीचा बंदोबस्त मोसम बघून करावा. पावसाळ्यात मांडवावर चढणाऱ्या काकडी, पडवळ, शिराळी, कारल्याला हात, पिशवी आणि सापळा लागतो. भातकापणीनंतरच्या वायंगणी भाजीला, म्हणजे चवळी, वाल, माठ, वांगी, मिरचीला राख, साबण आणि अर्क उपयोगी पडतात. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी फुकट जाणारी फवारणी वाचते.

आधी पान उलटं करून बघा

आठवड्यातून दोनदा, सकाळी ऊन चढायच्या आत परड्यात फिरा. पान वरून बघून काही कळत नाही, कीड खालच्या बाजूला असते.

चवळीचा कोवळा शेंडा दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ आणा. देठाला काळ्या मोहरीच्या दाण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो मावा. त्यातून मुंग्यांची ये-जा चालू असते, कारण मावा गोडसर चिकट द्रव सोडतो आणि मुंग्या त्याच्या बदल्यात माव्याची राखण करतात. आता त्याच गर्दीत नीट शोधा. काळपट-राखाडी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सहा पायांची लांबट अळी हळूहळू फिरताना दिसली तर हातातला पंप खाली ठेवा. ती ढालकिड्याची म्हणजे लेडीबर्डची अळी. दिवसाला कितीतरी मावा फस्त करते. दिसायला ओबडधोबड असल्यामुळे लोक तिलाच आधी चिरडतात, याचं मला फार वाईट वाटतं. ती शेंड्यावर असेल तर चार-पाच दिवस थांबा. पुष्कळदा फवारणीची गरजच उरत नाही.

ढालकिड्याच्या जातकुळीतला एक मात्र खरोखर शत्रू आहे, एपिलॅक्ना भुंगेरा. मित्र ढालकिडा चकचकीत असतो. हा फिकट विटकरी, अंगावर बारीक लव असलेला, भरपूर ठिपक्यांचा, आणि वांग्याच्या किंवा कारल्याच्या पानावर बसलेला. पानाचा हिरवा भाग खरवडून तो जाळी करतो. याची पिवळी अंडी पानाखाली पुंजक्याने उभी असतात. तेवढं पान तोडून टाकावं.

कीड कोणती हे कळलं नाही तरी ती खाते कशी एवढं ओळखा. पानांना भोकं किंवा जाळी म्हणजे कुरतडणारी अळी नाहीतर भुंगेरा. पान आकसलं, चिकट झालं, पिवळं पडलं म्हणजे रस शोषणारी: मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, पिठ्या ढेकूण. शेंडा मान टाकतो किंवा फळाला भोक पडतं म्हणजे आत शिरलेली अळी. तिसऱ्या प्रकाराला कुठलाही अर्क आतपर्यंत पोचत नाही. तिथे हातच चालवावा लागतो.

पावसाळा: मांडवाखालची लढाई

पावसाळी वेलभाज्यांची सगळ्यात मोठी नासाडी फळमाशी करते. बोटाएवढी काकडी एका बाजूला वाकडी व्हायला लागली, सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आणि त्यावर डिंकाचा बारीक थेंब दिसला, की मादीने सालीखाली अंडी घातली असं समजा. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात, आतला गर पोखरतात, फळ पिवळं पडून गळतं. मग अळ्या फळातून निघून मातीत काही सेंटिमीटर खोल कोशात जातात आणि नवी माशी होऊन पुन्हा मांडवावर येतात. हे सगळं चक्र तीनेक आठवड्यांचं. गळलेली काकडी उचलून खताच्या खड्ड्यात टाकली तर आपणच माशीची पुढची पिढी वाढवतो.

त्यामुळे पहिलं काम: मांडवाखालची गळलेली आणि वेलीवरची डागी फळं एक दिवसाआड गोळा करा. ती दोन फूट खोल पुरा, किंवा उकळत्या पाण्यात बुडवून मगच खड्ड्यात टाका. शेजारच्या परड्यात फळं तशीच सडत पडली असतील तर तुमच्या कष्टाचा निम्मा उपयोग होतो, म्हणून वाडीतल्या चार घरांनी हे मिळून करावं. थोडी उघडीप मिळाली की वेलीच्या बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलकी उकरा. कोश वर येतात आणि दयाळ, साळुंक्या किंवा घरच्या कोंबड्या ते टिपतात.

दुसरं काम पिशवीचं, आणि माझ्या मते पावसाळ्यातला हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. आंब्याला कागदी पिशवी घालतात तशी काकडी-कारल्यालाही घालता येते, पण मुसळधार पावसात वर्तमानपत्राचा लगदा होतो. जुन्या मच्छरदाणीचे तुकडे घ्या.

१. साधारण एक फूट लांब आणि वीतभर रुंद पिशवी शिवा, दोन्ही तोंडं उघडी ठेवा. पडवळासाठी हीच पिशवी हात-दीड हात लांब लागते.
२. माडाच्या हिराची दोन गोल कडी करून पिशवीत वर आणि मध्ये टाका. जाळी फळाला चिकटली तर माशी जाळीतूनच अंडी घालते, म्हणून पिशवी फळापासून सुटी राहायला हवी. या कड्यांचं काम तेच.
३. मादी फुलाच्या पाकळ्या सुकून फळ करंगळीएवढं झालं की पिशवी चढवा. त्याआधी नको, मधमाशी आत जाऊ शकत नाही. फार उशीरही नको, माशीला कोवळं फळच लागतं.
४. वरचं तोंड देठाशी सुंभाने सैल बांधा, खालचं गाठ मारून बंद करा. फळ काढलं की पिशवी धुऊन पुढच्या फळाला.

पंधरा-वीस वेलींच्या परड्याला हे जमतं. गणपतीत पाहुण्यांपुढे ठेवायची तवसं, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि पडवळं अशीच राखावीत.

तिसरं काम सापळ्याचं, आणि इथे एक गल्लत फार होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी काढलेला रक्षक सापळा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्यातलं आमिष मिथाईल युजेनॉल. त्याला आंब्यावरच्या फळमाशीचे नर येतात. काकडी-कारल्यावरची फळमाशी वेगळ्या जातीची, ती मिथाईल युजेनॉलकडे फिरकत नाही. तिच्यासाठी कृषी सेवा केंद्रात 'क्यू ल्युअर' मागा. आमिष विकत घ्यावं लागतं, सापळा घरी होतो: लिटरभराच्या प्लास्टिक बाटलीला वरच्या बाजूला बोट जाईल एवढी तीन-चार भोकं पाडा, झाकणातून तारेने आमिषाचा ठोकळा लोंबकळत ठेवा, तळाशी साबणाचं पाणी घाला आणि मांडवाच्या उंचीवर टांगा. भोकांवर कडेला पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा छोटा पाखा हवा, नाहीतर पावसाने बाटली भरते. या सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे एकट्या सापळ्यावर विसंबून पिशवी सोडू नका.

रोपं दोन-चार पानांवर असताना लाल भुंगेरे येतात आणि कोवळी पानं चाळणी करून टाकतात. ते सकाळी सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचं भांडं पानाखाली धरून पान हलवलं की त्यात पडतात. चार-पाच पानं येईपर्यंत रोपावर काठ्या रोवून जाळी झाकली तर हा त्रासच राहत नाही.

गोगलगायींचा बंदोबस्त संध्याकाळी करावा. मोठी आफ्रिकी गोगलगाय आणि शंख नसलेली मऊ गोगलगाय, दोघी दिवसा ओलसर अंधारात दडतात. करवंट्या किंवा ओली गोणपाटं वाफ्याकडेला पालथी घालून खाली पपईची नाहीतर कोबीची पानं ठेवा. सकाळी सगळ्या एका जागी सापडतात. हातमोजा घालून किंवा चिमट्याने उचला, कारण माणसाला बाधणारे सूक्ष्म जंत त्यांच्या अंगात असू शकतात, आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ते पाणी वाफ्यात मात्र ओतू नका. राखेचं किंवा चुन्याचं कडं कोरड्या दिवसांत चालतं, पावसात एका रात्रीत वाहून जातं. कुंपणाच्या वईत भारद्वाज दिसला तर त्याला हुसकावू नका, तो गोगलगायी खातो. आणि अंगाचं वेटोळं करणारे वाणी उगाच मारू नका, ते बहुतेक कुजका पाचोळाच खातात.

माकडं आणि रानडुकरं यांच्यावर यातलं काहीच चालत नाही, तो विषय स्वतंत्र.

दसऱ्यानंतर: राख, साबण, अर्क

पाऊस ओसरला की पानावर मारलेलं पानावर राहतं. आता क्रम असा ठेवा: आधी पाण्याचा जोर, मग राख किंवा साबण, आणि भागलं नाही तरच अर्क.

मावा नुकता दिसत असेल तर नळीच्या पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यावर दोन-तीन सकाळी मारणं पुरतं. खाली पडलेला मावा क्वचितच परत चढतो.

चुलीतली लाकडाची राख चाळून घ्या आणि पान दवाने ओलं असताना फडक्यातून हलकी झटका. वाल, चवळी, माठ यांवर आपल्या आज्या-पणज्या हेच करत आल्या. पान पांढरंफटक होईल एवढी टाकू नये. जांभ्याची माती आम्ल असते, त्यामुळे खाली पडलेली थोडी राख मातीलाही मानवते. फक्त राख आणि निंबोळी अर्क एका आठवड्यात एकाच झाडावर नको. राख अल्कधर्मी असते आणि त्यात निंबोळीतला कामाचा घटक लवकर निकामी होतो.

साबणाचं पाणी मावा, पिठ्या ढेकूण, पांढऱ्या माशीची पिल्लं यांवर चालतं. लिटरला ५ ग्रॅम वडीचा साधा साबण किसून विरघळवा. डिटर्जंट पावडर नको, पानं करपतात. कीड भिजली तरच मरते, पानावर वाळलेल्या साबणाचा काही उपयोग नाही, म्हणून पानाखाली नीट मारा. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर साबण फाटतो. तिथे गोडं पाणी आणा किंवा रिठे वापरा. आठ-दहा रिठ्यांची सालं रात्रभर भिजवून कुस्करली की लिटरभर पाण्याला पुरेसा फेस होतो.

निंबोळी अर्क, पाच लिटरचा

कोकणात कडुनिंब घाटावर आहे तेवढा नाही, आणि निंबोळी पिकते तेव्हाच आपल्याकडे पाऊस सुरू होतो, त्यामुळे वाळवता वाळवता तिला बुरशी येते. घाटावर कुणी सोयरेधायरे असतील तर वाळलेली निंबोळी मागवून ठेवा. हवाबंद डब्यात न ठेवता कापडी पिशवीत, उंचावर, कोरड्या जागी ठेवा. काळी पडलेली, कुबट वास येणारी निंबोळी वापरू नका. वर्षापेक्षा जुनीही नको.

१. २५० ग्रॅम वाळलेली निंबोळी पाट्यावर किंवा खलात भरड कुटा.
२. पातळ कापडात सैल पुरचुंडी बांधून लिटरभर साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. गरम पाणी नको.
३. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळा, दुधाळ रंग येतो. थोडं थोडं नवं पाणी घेऊन पांढरेपणा संपेपर्यंत पिळत राहा.
४. दुहेरी फडक्याने गाळा. गाळणीत आळस केला तर पंपाचं नोझल तुंबतं.
५. १० ग्रॅम वडीचा साबण थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण पाणी पाच लिटर करा.
६. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. चोथा झाडाच्या बुंध्याशी मातीत घाला.

हे ५ टक्क्यांचं प्रमाण. संध्याकाळची वेळ सांगतात त्याचं कारण, त्यातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक कडक उन्हात झपाट्याने विघटित होतो. फवारल्या फवारल्या कीड टपाटपा पडेल ही अपेक्षा ठेवू नका. अळीची भूक मरते, कात टाकणं बिघडतं, मादी अंडी घालायला कचरते. फरक तीन-चार दिवसांनी दिसतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावा.

निंबोळी नसेल तर करंज आपलाच आहे. खाडीकाठाला, ओहोळाच्या कडेला करंजाची झाडं भरपूर. घाण्यावरून काढलेलं करंजेल ५ मिली आणि किसलेला साबण ३ ग्रॅम आधी वाटीभर पाण्यात घोटून एकजीव करा, मग लिटरभर पाण्यात घाला. तेल वर तरंगत असेल तर फवारू नका, ठिकठिकाणी पानं जळतील. पंप अधूनमधून हलवत राहा. काकडीवर्गातली पानं नाजूक, त्यांच्यावर निम्म्या प्रमाणाने सुरुवात करा.

लसूण-मिरचीचा अर्क किडीला मारण्यापेक्षा पळवून लावतो. प्रत्येकी ५० ग्रॅमचा ठेचा लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवून गाळायचा आणि थोड्या साबणासकट पाच लिटर करायचा. गुण दोन-तीन दिवस.

दशपर्णी अर्काला महिना लागतो, पण परसबागेला एक बादली वर्षातले बरेच महिने पुरते. दहा लिटर पाण्यात कडुनिंबाचा पाला २५० ग्रॅम, आणि करंज, निर्गुंडी, सीताफळ, पपई, एरंड, रुई, घाणेरी, गुळवेल यांचा पाला प्रत्येकी १०० ग्रॅम, वर १०० ग्रॅम हिरव्या मिरचीचा ठेचा, मूठभर लसूण, १५० ग्रॅम शेण आणि पाव लिटर गोमूत्र. सावलीत, गोणपाटाने तोंड झाकून, ३० दिवस रोज दोनदा ढवळायचं. गाळून १० लिटर पाण्याला २५० मिली घ्यावं. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, पाला तोडताना चष्मा आणि हातमोजे असू द्या. बऱ्याच कृतींत लाल कण्हेर असते. ती माणसालाही विषारी, घरच्या भाजीसाठी ती वगळावी हे माझं ठाम मत. आणि शेण-गोमूत्र असलेला अर्क कोथिंबीर, मुळ्याचा पाला अशा कच्च्या खायच्या भाजीवर मारू नका.

फुलं सांभाळा

कुठलाही नवा अर्क आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. पान करपलं नाही तरच सगळीकडे. पंपाचं तोंड खालून वर धरा.

संध्याकाळी फवारा हा नियम काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं यांना बरोबर लागू पडतो, त्यांची फुलं सकाळी उमलतात. शिराळी, दुधी आणि पडवळाची फुलं मात्र दिवस कलताना उमलतात, म्हणजे ऐन फवारणीच्या वेळी त्यांच्यावर कीटक आलेले असतात. या तिघांवर फवारायचं असेल तर सकाळी लवकर, फुलं मिटल्यावर, तेही फुलं वगळून.

वांगी, भेंडी, मिरची

वांग्याचा एखादा शेंडा भर सकाळी, मातीत ओल असताना मान टाकून बसला तर आत शेंडे पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली कापून उभा चिरून बघा, गुलाबीसर अळी सापडते. दर आठवड्याला असे शेंडे आणि भोकाची वांगी काढून नष्ट केली की फळांचं नुकसान स्पष्ट कमी होतं. मागच्या वर्षीची जुनी वांग्याची झाडं ठेवू नका, कीड तिथेच मुक्कामाला असते.

मिरचीची पानं आकसली की सगळेच बोकड्या म्हणतात, पण पान कुठे वळलंय ते बघा. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी, म्हणजे पानाखालची अगदी बारीक कीड. फुलकिड्यांना एरंडेल लावलेला निळा पत्रा झाडाच्या उंचीवर टांगा, पांढऱ्या माशीला आणि माव्याला पिवळा. आठवड्याने पुसून पुन्हा तेल लावा. कोळ्यांना पानाखाली पाण्याचा फवारा आणि करंजेल.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या तर तो केवडा, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला अर्क नाही. झाड मुळासकट उपटून परड्याबाहेर नेऊन जाळा, तेही पहिल्याच दिवशी.

वेलीच्या पानांवर पांढरी भुरी आली तर एक भाग दूध नऊ भाग पाण्यात घालून सकाळच्या उन्हात फवारा. ही बुरशी आहे, पण लोक कीड समजून निंबोळी वाया घालवतात, म्हणून इथे सांगितलं.

हे मात्र नको

तंबाखूचा काढा पुष्कळ जण सुचवतात. निकोटीन माणसाला त्वचेतूनही बाधतं, शिवाय तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोला लागू शकतो. रॉकेल पानं जाळतं. काजूच्या टरफलाचं तेल कातडीवर फोड आणतं, भाजीच्या आसपासही आणू नये. युरियाचा किंवा ओल्या शेणाचा मारा केला की झाड लुसलुशीत होतं आणि मावा तिथेच येतो.

अर्क मारल्यावर दोन-तीन दिवस भाजी तोडू नका, आणि तोडल्यावर वाहत्या पाण्यात चोळून धुवा. करंजाचा कडवट वास पालेभाजीला धरतो, तिला साबणाचं पाणी आणि राख एवढंच बरं.